गाण्याच्या वेष्टणावर नाव कोणाचं?

बहुतेक घरांत माळ्यावर किंवा कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या कॅसेटींचा एखादा डबा असतोच. त्यावर पेनने लिहिलेलं असतं, ‘आईची भजने’, ‘डोहाळजेवणाची गाणी’, नाहीतर नुसतंच ‘गाणी २’. कोणाची आई, कोणाचं डोहाळजेवण, साल कोणतं, पेटीवर कोण बसलं होतं, याचा पत्ता नसतो. आवाज ओळखणारी माणसं हयात असतात तोवर अडत नाही. ती गेली की तोच आवाज निनावी होऊन बसतो.

हल्ली पुष्कळजणी अशा कॅसेटी संगणकावर उतरवून घेतात. कुठे भजनी मंडळाच्या पंचविशीनिमित्त गाणी ध्वनिमुद्रित होतात, कुठे गाण्याच्या क्लासच्या मुली मिळून अल्बम काढतात. सीडीच्या प्रती निघतात, नाहीतर पेनड्राइव्ह पाकिटात घालून वाटतात. इथवर सारं हौसेनं होतं. वेष्टणाची वेळ आली की मात्र आपण छापखान्यात जाऊन म्हणतो, “काहीतरी छानसं करून द्या हो!” मग कमळ, वीणा आणि उगवता सूर्य छापून येतो. मंडळाचं नाव मोठं, देणगीदाराचं त्याहून मोठं. गाणाऱ्या बाराजणींची नावं? “जागा नव्हती ताई.”

म्हणूनच हे काम आपल्याला यावं. ते वाटतं तितकं अवघड नाही. जिला ब्लाऊज बेतता येतो, तिला वेष्टणही बेतता येईल.

आधी थोडा इतिहास पाहू. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरलं. गाणं संपल्यावर त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिरांना लेबलावर कोणाचं नाव घालायचं ते कळावं, म्हणून ही सोय. तबकडी खाकी पाकिटात यायची आणि पाकिटाच्या मधल्या भोकातून लेबल दिसायचं. मोठ्या रचनेला अनेक तबकड्या लागत. त्या फोटोंच्या अल्बमसारख्या पुस्तकात बांधून विकत, त्यावरून ‘अल्बम’ हा शब्द आला. त्याच्या पुठ्ठ्यावर चित्र काढण्याची चाल अमेरिकेत १९४० च्या सुमारास अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने पाडली. म्हणजे पाहा, वेष्टणावर नाव आधी आलं, चित्र मागाहून.

आपल्या पुण्यात याचा मोठा धडा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या ओव्या २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर येत आहेत, त्या गाणारीच्या आणि गावाच्या नावानिशी. जिचं नाव गावाबाहेर कधी गेलं नसतं, तिचं नाव तिच्या ओवीला जोडलेलं आहे. घरच्या अल्बमलाही हाच नियम लावायला काय हरकत आहे?

आता कामाला लागू. फोटोशॉप हे नाव आपण ऐकलेलं असतं. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी घडवलेलं हे सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आलं. त्याला पैसे पडतात. शिकण्यापुरतं हवं असेल तर जिम्प फुकट मिळतं, आणि घरगुती कामाला ते पुष्कळ झालं.

माप आणि माया. सीडीच्या डबीतला पुढचा कागद १२ सेंटिमीटर चौरस असतो. मागचा कागद सुमारे १५.१ बाय ११.८ सेंटिमीटर, आणि त्याच्या दोन्ही कडांना साडेसहा मिलिमीटरची दुमड. ही दुमड म्हणजे डबीचा कणा. डब्या फळीवर उभ्या ठेवल्या की एवढाच भाग दिसतो, म्हणून त्यावर नाव हवंच. शिवणाला जशी माया सोडतो, तशी इथेही चारी बाजूंना तीन मिलिमीटर माया सोडायची. पार्श्वभूमीचा रंग किंवा चित्र मायेपर्यंत न्यायचं, नाहीतर कापताना पांढरी रेघ राहते. अक्षरं मात्र कापायच्या रेघेपासून चार-पाच मिलिमीटर आतच ठेवा. डबी बाजारातून आणलेली असेल तर आधी पट्टी घेऊन स्वतः मोजा, कारण डब्यांत थोडा फरक असतो.

ठिपके. संगणकावरचं चित्र ठिपक्यांच्या रांगोळीसारखं असतं. ठिपके दाट, तर रेघ रेखीव. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. १२ सेंटिमीटरला १४१७ ठिपके होतात, आणि माया धरून १२.६ सेंटिमीटरला १४८८. मोबाइलवरून चारचौघांत फिरून आलेल्या फोटोत बहुधा इतके ठिपके उरलेले नसतात. ताणून मोठा केला तर तो धुरकट दिसतो. आजीचा जुना फोटो असेल तर मूळ प्रत स्कॅन करून घ्यावी. फोटो लहान असेल तर इंचाला ६०० ठिपक्यांनी.

थर. सारी किमया इथे आहे. भरतकामाचा छाप उमटवताना आपण पातळ कागद एकावर एक ठेवतो, तसं समजा. तळाला रंग, त्यावर फोटो, त्यावर अक्षरं. प्रत्येक थर वेगळा ठेवला की फोटो हलवताना अक्षरांना धक्का लागत नाही. चुकलं तर उसवायची सोय आहेच. पण काम जतन करताना थरांसकट एक प्रत ठेवा, जिम्पची एक्ससीएफ किंवा फोटोशॉपची पीएसडी. नुसती जेपीजी ठेवली की थर एक होतात, आणि मग एक वेलांटी सुधारायची तरी नवं काम.

रंग. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने रंगतो. छापखाना निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईने. म्हणून पडद्यावर झळकणारा पोपटी किंवा मोरपिशी रंग कागदावर मातकट उतरतो. दुकानातल्या दिव्याखाली पाहिलेली साडी उन्हात वेगळी दिसते ना, तसंच. सगळ्या प्रती छापण्याआधी एक नमुना छापून घ्या आणि तो दिवसाच्या उजेडात बघा.

अक्षरं. खरी परीक्षा इथे होते. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं हिंदीतल्याहून वेगळी असतात, आणि काही टाइपांत हिंदी वळणंच येतात. मुक्तासारखा फुकट मिळणारा देवनागरी टाइप वापरून पाहा. जोडाक्षरं तुटली, किंवा ‘ि’ भलतीकडे गेली, तर फोटोशॉपच्या मजकुराच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी निवडावी. पुण्यातल्याच मॉड्युलर कंपनीच्या श्री-लिपीत जुना मजकूर टाइप केलेला असेल, तर तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, नाहीतर भलतीच अक्षरं उमटतात. एका वेष्टणावर दोनच टाइप पुरेत. आणि बारीक अक्षरं गर्द फोटोवर टाकू नका. चष्मेवाल्यांनाही वाचता आली पाहिजेत!

हे सारं जमलं की आता नावं. एक कोरा कागद घ्या आणि चित्राचा विचार करण्याआधी लिहून काढा: प्रत्येक गाणारीचं पूर्ण नाव, पेटी आणि तबला कोणाचा, शब्द कोणाचे, चाल कोणाची, ध्वनिमुद्रण कुठे आणि कोणत्या साली. “सौ. कुलकर्णी” नको, तिचं स्वतःचं नाव हवं. नाव कसं लिहायचं ते तिलाच विचारा. कोणी माहेरचं नाव लावते, कोणाला टोपणनाव आवडतं. नावं मावत नसतील तर चित्र लहान करा. तरी मावेनात, तर चार पानांची घडी घाला.

अल्बम विकायचा असेल तर परवानगीचंही बघावं लागतं. आपल्याकडे कवीच्या आणि संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं त्यांच्या कृतीवर हक्क राहतो. तुकोबांचा अभंग सर्वांचा, पण त्याला अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची. इंटरनेटवरून उचललेलं चित्रही कोणाचं तरी असतंच. त्यापेक्षा घरचा तंबोरा, देव्हारा किंवा मंडळाच्या झिजलेल्या टाळांचा फोटो स्वतः काढावा. तो अधिक आपला दिसतो.

हल्ली गाणी मोबाइलवरच जास्त ऐकली जातात. तिथे वेष्टण म्हणजे नखाएवढा चौकोन. त्यासाठी ३००० बाय ३००० ठिपक्यांचं चौरस चित्र वेगळं करा आणि त्यावर नाव मोठं घ्या. बाकीची नावं गाण्याबरोबरच्या माहितीच्या रकान्यांत भरा. ते रकाने रिकामे सोडू नका.

छापायला देण्यापूर्वी

• माप पट्टीने तपासलं? माया सोडली?
• फोटो इंचाला ३०० ठिपक्यांचा आहे?
• साध्या कागदावर छापून, घडी घालून, डबीत बसवून पाहिलं?
• कण्यावर नाव आहे?
• प्रत्येकीने आपलं नाव स्वतः वाचून बरोबर असल्याचं सांगितलं?
• थरांची मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवली?

पहिलं वेष्टण थोडं वेडंवाकडं होईल, होऊ दे. पहिल्या पोळीचा नकाशा कोणाचा झाला नाही? सुट्टीत घरात भाचरं असतील तर त्यांना शेजारी बसवा. माउस त्यांच्या हाती, नावांची यादी तुमच्या हाती. आणि माळ्यावरचा तो डबा या आठवड्यातच खाली काढा. ‘गाणी २’ वर कोण गात आहे, हे सांगू शकणारी मावशी किंवा आत्या अजून फोन उचलते आहे, तोवर विचारून घ्या.