दिल्लीच्या दोन प्रेमकथा : ‘स्पर्श’ आणि ‘चश्मे बद्दूर’

दिल्ली म्हटले की संसद भवन, लाल किल्ला आणि राजकारणाची धामधूम हेच चित्र मराठी मनापुढे उभे राहते. याच शहरात साधी माणसे राहतात, पुस्तके उशाशी घेऊन परीक्षेची तयारी करतात, पानवाल्याकडे उधारी करतात आणि हळूच प्रेमातही पडतात, हे हिंदी पडद्यावर विलक्षण आपुलकीने दाखवले ते एका मराठी दिग्दर्शिकेने. सई परांजपे यांचे ‘स्पर्श’ (१९८०) आणि ‘चश्मे बद्दूर’ (१९८१) हे दोन्ही चित्रपट दिल्लीत घडतात. एक गंभीर, दुसरा खुसखुशीत. रसिकांच्या आवडत्या प्रेमपटांच्या यादीत दोघांनीही आपले स्थान आजवर राखले आहे.

नैर्ऋत्य दिल्लीतील द्वारका उपनगरात नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी माणसाला या चित्रपटांविषयी थोडा अधिक जिव्हाळा वाटावा, असे एक कारण आहे. हे चित्रपट आले तेव्हा आजची द्वारका अस्तित्वातच नव्हती. दिल्ली विकास प्राधिकरणाने पुढे पप्पनकलां या नावाने हे उपनगर आखले आणि ३१ डिसेंबर २००५ रोजी मेट्रोची निळी मार्गिका तेथे पोहोचली. त्याच मार्गिकेवर मंडी हाउस हे स्थानक आहे आणि तेथून जवळच राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. सई परांजपे १९६३ साली या विद्यालयाच्या पदवीधर झाल्या. नंतर दिल्ली दूरदर्शनवर काम करताना हे शहर त्यांनी जवळून न्याहाळले. ‘स्पर्श’मधील नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी हेही याच विद्यालयाचे विद्यार्थी. दिल्लीच्या रंगभूमीचे संस्कार या कलाकृतींत असे मुळापासून मुरलेले आहेत.

दया नको, साथ हवी

‘स्पर्श’चा नायक अनिरुद्ध परमार हा अंध आहे आणि अंध मुलांच्या शाळेचा प्राचार्य आहे. कविता ही तरुण विधवा. मुलांना गाणी आणि गोष्टी शिकवण्यासाठी ती त्या शाळेत येऊ लागते. दोघांमध्ये स्नेह जुळतो, वाङ्‌निश्चयही होतो. येथे सामान्य चित्रपट संपला असता. ‘स्पर्श’ मात्र येथूनच खऱ्या अर्थाने सुरू होतो. कविता आपल्यावर प्रेम करते की आपली कीव करते? माझ्याशी लग्न करणे हा तिचा त्याग तर नव्हे? या प्रश्नाने अनिरुद्ध पोखरला जातो. त्याचा अंध सहकारी दुबे आपल्या संसाराची हकिकत सांगतो, तेव्हा ही शंका अधिकच खोल रुजते. ओम पुरी यांनी ही छोटी भूमिका कोठेही आवाज न चढवता केली आहे आणि म्हणूनच ती मनातून जात नाही.

नसीरुद्दीन शाह यांचा अभिनय हा या चित्रपटाचा प्राण. अंधत्व दाखवण्यासाठी चाचपडण्याचा अतिरेक त्यांनी केला नाही. कोठेच न स्थिरावणारी नजर, आवाजाच्या दिशेने वळणारी मान आणि परिचित जागेत आत्मविश्वासाने पडणारी पावले एवढ्यावर त्यांनी सारे उभे केले. पाहुण्यांना कॉफी देताना कोणी मदतीचा हात पुढे केला की हा माणूस संतापतो. त्या संतापात स्वाभिमान किती आणि भीती किती, हे प्रेक्षकाला सतत तोलावे लागते. समोर शबाना आझमी आहेत. त्यांची कविता कमी बोलते आणि अधिक ऐकते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर गोठलेली ही स्त्री पुन्हा कशी उमलते, हे त्या केवळ चेहऱ्याच्या छटांतून सांगतात.

चित्रपटातील शाळेचे चित्रण बहुतांशी दिल्लीतील ब्लाइंड रिलीफ असोसिएशनमध्ये झाले. त्यामुळे तेथील वातावरणाला रंगवलेल्या देखाव्याचा वास येत नाही. १९७९ या वर्षासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट हिंदी चित्रपट, उत्कृष्ट अभिनेता आणि उत्कृष्ट पटकथा हे मान ‘स्पर्श’ने मिळवले. पुढे १९८५ साली उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि संवाद यांसाठीचे फिल्मफेअर पुरस्कारही त्याच्या वाट्याला आले.

बादलीतला फेस आणि आइस्क्रीम

‘स्पर्श’चे गांभीर्य पाहून आलेल्या प्रेक्षकाला ‘चश्मे बद्दूर’ हा सुखद धक्का ठरतो. तीन अविवाहित मित्र एका घरात राहतात. सिद्धार्थ अर्थशास्त्राच्या पुस्तकांत बुडालेला, तर ओमी आणि जोमो मुलींच्या मागे धावणारे. समोर राहणाऱ्या नेहाकडून दोघांचीही फजिती होते. परंतु घरी परतल्यावर दोघेही आपल्या विजयाच्या भरजरी कहाण्या रचून सांगतात. पुढे तीच नेहा ‘चमको’ साबणपूड विकायला दारात येते आणि दार उघडतो तो सिद्धार्थ.

हा प्रसंग हिंदी प्रेमपटांतील एक लोभस ठेवा आहे. ना बाग, ना पाऊस. मळके कापड, पाण्याची बादली, साबणाचा फेस आणि काय बोलावे हे न सुचलेली दोन माणसे. फारुख शेख यांचा अवघडलेपणा आणि दीप्ती नवल यांचे प्रसन्न हसू यांतून प्रेमाचा अंकुर आपल्या डोळ्यांदेखत फुटतो. तालकटोरा उद्यानातील आइस्क्रीमच्या भेटीही तितक्याच साध्या. रवी बासवानी आणि राकेश बेदी यांनी वात्रट मित्र धमाल रंगवले आहेत. सिगारेटची उधारी मागणारा, तरीही मुलांवर माया करणारा पानवाला लल्लन मियाँ सईद जाफरी यांनी अजरामर केला.

या हास्याच्या तळाशी मात्र एक बोचरे सत्य आहे. मित्रांनी मौजेखातर मारलेल्या थापा सिद्धार्थ खऱ्या मानतो आणि ज्या मुलीवर प्रेम करतो तिला काहीही न विचारता दूर लोटतो. उधारीची वही लल्लन मियाँच्या हाती असली, तरी विश्वासाची खरी थकबाकी सिद्धार्थकडेच राहते.

विश्वासाची कसोटी

वरवर पाहता या दोन चित्रपटांत काहीच साम्य नाही. तरीही दोहोंचा गाभा एकच आहे. अनिरुद्धला कविताच्या प्रेमावर विश्वास ठेवता येत नाही. सिद्धार्थला नेहाच्या सचोटीवर. दोघांच्याही वाटेत खलनायक नाही, श्रीमंत बाप नाही, जातपात नाही. अडसर आहे तो स्वतःच्या मनाचा. देणे सोपे असते, घेणे कठीण, हे अनिरुद्ध शिकतो. ऐकीव गोष्टींपेक्षा समोरच्या माणसाला विचारावे, हे सिद्धार्थ शिकतो. संसारात पडलेल्या कोणालाही हे दोन्ही धडे परके वाटणार नाहीत.

‘चश्मे बद्दूर’ची नव्याने सिद्ध केलेली प्रत ५ एप्रिल २०१३ रोजी पुन्हा चित्रपटगृहांत आली. त्याच दिवशी त्याच कथेवर बेतलेला डेव्हिड धवन यांचा नवा चित्रपटही प्रदर्शित झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ डिसेंबरला फारुख शेख यांचे निधन झाले. रवी बासवानी त्यापूर्वीच, २०१० मध्ये गेले होते; सईद जाफरी २०१५ मध्ये आणि ओम पुरी २०१७ मध्ये गेले. कलावंत गेले, दिल्लीही ओळखू न येण्याइतकी पालटली. बादलीतल्या फेसाचा तो प्रसंग मात्र आजही तितकाच ताजा वाटतो.

एखाद्या निवांत रविवारी हे दोन्ही चित्रपट घरातील थोरामोठ्यांसह पाहावेत. आधी ‘स्पर्श’, मग ‘चश्मे बद्दूर’. पहिला मनाला अंतर्मुख करील, दुसरा ओठांवर हसू आणील आणि दोन्ही मिळून जवळच्या माणसाशी अधिक मोकळेपणाने बोलायला लावतील.