घराच्या अलार्मला दुसरा कीपॅड जोडताना

नवी दिल्ली : राजधानीतील जुन्या वसाहतींमधील अनेक कोठ्यांना दोन वाटा असतात. पुढचे फाटक रस्त्याकडे उघडते, तर मागचे दार सर्व्हिस लेनमध्ये. सुरक्षा अलार्मचा कीपॅड मात्र बहुधा एकच असतो आणि तो लागतो पुढच्या दाराशी. रात्री सायरन वाजला, तर वरच्या मजल्यावर झोपलेल्या वृद्ध दाम्पत्याला कोणते दार उघडले एवढे कळण्यासाठीही अंधारात जिना उतरून जावे लागते, म्हणजे चोर असण्याची शक्यता जिथे सर्वाधिक तिथेच. शयनगृहात दुसरा कीपॅड बसवण्याचे खरे कारण हे आहे. सोय ही त्यामानाने दुय्यम बाब.

कीपॅड हा अलार्मचा मेंदू नव्हे. ते काम जिन्याखाली किंवा कपाटात बसवलेल्या पेटीतील पॅनेलचे. दारांवरील सेन्सर, सायरन आणि बॅटरी त्यालाच जोडलेली असतात; कीपॅड केवळ आदेश पोहोचवतो आणि स्थिती दाखवतो. त्यामुळे मूळ यंत्रणा न बदलता दुसरा कीपॅड जोडता येतो. तारेच्या प्रणालीत त्यासाठी बहुधा चार तारा लागतात : दोन वीजपुरवठ्याच्या, दोन संदेशांच्या. मात्र एका कंपनीचा कीपॅड दुसऱ्या कंपनीच्या पॅनेलला सहसा चालत नाही. अनेक पॅनेलमध्ये प्रत्येक कीपॅडला स्वतंत्र पत्ताही द्यावा लागतो. हनीवेलच्या ‘विस्टा-२०पी’ या पॅनेलमध्ये पहिल्या कीपॅडचा पत्ता १६, तर दुसऱ्याचा १७ असतो. तारा अचूक जोडूनही नवा कीपॅड मुका राहिला, तर आधी हा पत्ता तपासावा.

हा पत्ता नोंदवण्यासाठी ‘इन्स्टॉलर कोड’ लागतो आणि घोडे अनेकदा इथेच अडते. अलार्म बसवणारा तंत्रज्ञ तो स्वतःकडेच ठेवतो. पुढे त्याचा ठावठिकाणा राहत नाही. काही ठिकाणी हा कोड कारखान्यातून आला तसाच राहिलेला असतो आणि तो मार्गदर्शिकेत कोणालाही वाचता येतो. दोन्ही स्थिती वाईटच. काम सुरू होण्यापूर्वी कोड बदलून घरमालकाने लेखी ताब्यात घ्यावा, हे उत्तम.

विजेचा हिशेबही टाळता येत नाही. समजा, १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर सर्व उपकरणे मिळून ३०० मिलिअँपिअर वीज घेत आहेत. वीज गेल्यावर ती कागदोपत्री सुमारे २३ तास पुरेल. नव्या कीपॅडने आणखी १०० मिलिअँपिअर घेतले, तर हा अवधी साडेसतरा तासांवर येतो. जुन्या बॅटरीत तो याहूनही कमी. उन्हाळ्यात वीज वारंवार जाणाऱ्या भागांत हा फरक किरकोळ नाही.

भिंती फोडायच्या नसतील, तर बिनतारी कीपॅडचा पर्याय आहे. मात्र पॅनेलला तो स्वीकारता आला पाहिजे. परदेशस्थ मुलांनी अमेरिकेहून आणलेली उपकरणे इथे हमखास अडचणीत आणतात. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुला आहे; अमेरिकेत त्यासाठी ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा रूढ आहे.

जागा निवडताना कीपॅड खिडकीतून दिसणार नाही, याची काळजी घ्यावी. मागच्या दाराने नेहमी ये-जा असेल, तर कोड दाबण्यासाठी मिळणाऱ्या अवधीत, जो बहुधा ३० ते ६० सेकंदांचा असतो, तिथून कीपॅडपर्यंत पोहोचता आले पाहिजे. घरातील प्रत्येकाला आणि घरकामास येणाऱ्यांना वेगळे कोड द्यावेत, म्हणजे काम सोडून गेलेल्या व्यक्तीचा कोड तेवढा रद्द करता येतो. अनेक प्रणालींत धाकदपटशाने अलार्म बंद करायला लावल्यास दाबायचा वेगळा कोडही असतो : सायरन थांबतो, पण गुप्त इशारा बाहेर जातो.

तो इशारा कोणाकडे जातो, हे दिल्ली परिसरात विशेष पाहावे लागते. दिल्ली, नोएडा आणि गुरुग्राम ही सलग वस्ती असली, तरी तीन वेगवेगळ्या पोलीस दलांत विभागलेली आहे. ११२ हा क्रमांक देशभर एकच असला, तरी फोन ज्या राज्यातून केला तेथील नियंत्रण कक्षात तो लागतो. नोएडातील आई-वडिलांच्या घरचा इशारा पुण्यातील मुलाच्या मोबाइलवर आला आणि त्याने ११२ फिरवला, तर उत्तर महाराष्ट्रातून मिळेल. म्हणून इशाऱ्याच्या यादीत पहिला क्रमांक शेजाऱ्याचा किंवा सोसायटीच्या फाटकावरील सुरक्षारक्षकाचा असावा आणि मुलाकडे स्थानिक पोलीस ठाण्याचा थेट क्रमांक असावा. इशारा सिमकार्डवरून जात असेल, तर त्याचे रिचार्ज संपलेले नाही ना, हेही पाहावे.

जोडणी पूर्ण झाल्यावर मुख्य स्विच बंद करून, केवळ बॅटरीवर, दोन्ही कीपॅडवरून अलार्म सुरू आणि बंद करून पाहावा. तंत्रज्ञाचे पैसे त्यानंतर द्यावेत.