घंटांसाठी गावाची वर्गणी

आपल्या देवळातली घंटा जागची हलत नाही, हलतो तो लोलक. इंग्लंडच्या खेड्यातल्या चर्चमध्ये मात्र पाच-सहा क्विंटलची अख्खी घंटाच चाकाला जोडलेली असते. दोराच्या ओढीसरशी ती पूर्ण गोल फिरते आणि तोंड वर करून क्षणभर थबकते. सहा घंटा असल्या तर दोर धरायला सहा माणसे लागतात, आणि दर फेरीला घंटांचा क्रम बदलत न्यायचा असतो. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, आठांचे ४०,३२०. हे चाळीस हजार क्रम १९६३ साली लफबरो इथल्या घंटांच्या कारखान्यात आठ जणांनी एका बैठकीत वाजवले. त्याला १७ तास ५८ मिनिटे लागली.

या फिरण्याचा ताण मनोऱ्यावर येतो. फिरती घंटा खाली आपल्या वजनाच्या जवळजवळ चौपट भार टाकते आणि बाजूला दुपटीने हिसका देते. ओक लाकडाचा सांगाडा कीड लागून सैल झाला की मनोरा डुलू लागतो, चुना झडतो, भिंतीला तडे जातात. मग धोका नको म्हणून वाजवणे बंद होते आणि बघता बघता एक पिढी सरते.

घंटेची दुखणी वेगळीच. जुन्या घंटांच्या डोक्यात लोलकासाठी लोखंडी कडी ओततानाच बसवलेली असे. ती गंजली की फुगते आणि भोवतालचे कांस्य तडकते. ती कडी कोरून काढणे हे अतिशय जपून करायचे काम. लोलक वर्षानुवर्षे त्याच दोन जागी आपटून तिथे खळगे पडतात, म्हणून दुरुस्तीत घंटा पाव फेरा वळवून बसवतात. नवा मार आजवर न झिजलेल्या जागी बसतो आणि घंटेचे आयुष्य वाढते.

आता पैसा. चर्च ऑफ इंग्लंडची सुमारे १६,००० चर्चे आहेत आणि त्यांच्या देखभालीचा भार मुख्यतः त्या त्या गावच्या धर्मग्रामावर असतो. सरकारी तिजोरीतून ठरलेली रक्कम येत नाही. वारसा यादीतल्या प्रार्थनास्थळांना दुरुस्तीवरचा व्हॅट परत देणारी योजना २००१ साली सुरू झाली, पण २०२५ मध्ये तिच्यावर वर्षाला २५,००० पौंडांची मर्यादा आली. मनोऱ्याचे मोठे काम काढणाऱ्या छोट्या गावाला हा घाव फार लागला, आणि तो चुकीच्या जागी घातला गेला असे मला वाटते. लॉटरीचा वारसा निधी आहे, घंटावादकांच्या जिल्हा संघटनांचे निधी आहेत, पण गावाने स्वतः किती जमवले हे तिथेही आधी विचारले जाते.

म्हणून गाव कामाला लागते. केक विकतात, घरच्या बागा तिकीट लावून दाखवतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी लोक सायकलवर किंवा पायी चर्चमागून चर्च पालथे घालतात. त्यावर जमलेल्या देणगीचा अर्धा भाग आपल्या चर्चला आणि अर्धा जिल्ह्याच्या न्यासाला जातो. घंटा उतरवताना वादक श्रमदान करून मजुरी वाचवतात. परत बसवण्याआधी घंटा चर्चच्या फरशीवर मांडतात. जन्मभर केवळ आवाज ऐकलेली माणसे तेव्हा प्रथमच त्यांना हात लावतात, त्यांवरची अक्षरे वाचतात. वर्गणी मागायला याहून चांगली वेळ नाही.

व्हाइटचॅपलचा जुना कारखाना २०१७ मध्ये बंद पडल्यापासून घंटांच्या कामासाठी ब्रिटनमध्ये मोठा कारखाना उरला तो लफबरोचा, टेलर यांचा. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या आठ घंटाही त्यांनीच ओतलेल्या.

पैसा जमला, मनोरा सावरला, तरी दोर धरायला हात लागतात. पहिल्या महायुद्धात सुमारे १,४०० घंटावादक कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ २०१८ साली तितकेच नवे वादक तयार करण्याची मोहीम देशभर चालली. तिचे मोल मला कुठल्याही देणगीइतकेच वाटते, कारण न वाजणाऱ्या घंटेसाठी पुढची पिढी खिशात हात घालणार नाही.

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी वाचकांना एक सांगणे. वादकांच्या सरावाला सहसा आठवड्याची एक संध्याकाळ ठरलेली असते, आणि शिकायला धर्माची अट नसते. आपल्या गावच्या मनोऱ्यात एकदा जाऊन चौकशी करा, आणि जीर्णोद्धाराची पेटी ठेवलेली दिसली तर तिच्यात आपलाही वाटा टाका.