उंच केलेली जीप

मुंबईहून सोलापूर, हुमनाबाद, जहीराबाद करीत येणारा हमरस्ता हैदराबादेत शिरतो तो आमच्या कुकटपल्लीतून. आम्हां मराठी कुटुंबांना हा रस्ता माहेरच्या वाटेसारखा आहे. जीपगाडीचे नातेही त्या टोकाच्या मुंबईशीच. 1945 साली स्थापन झालेल्या ‘महिंद्र अँड महंमद’ कंपनीने तेथे 1947 साली विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि 1948 मध्ये तिचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. पुढे सरकारी दौऱ्यांपासून शेताच्या बांधापर्यंत जीप कोठे पोहोचली नाही?

अशीच एक जुनी जीप माझ्या पुतण्याने काही वर्षांपूर्वी तिसऱ्या मालकाकडून विकत घेतली. स्प्रिंगचे पाटे बदलून तिची उंची कोणी तरी वाढवली होती आणि चाकांना मोठाले टायर चढवले होते. हे कधी, कोठे व कोणी केले, याचा एक कागदही गाडीबरोबर आला नाही. तरुणपणी रूप आधी दिसते, कागद मागाहून आठवतात.

पावसाळ्यात आम्ही मुलाबाळांसह विकाराबादजवळच्या अनंतगिरीला गेलो. उतरताना पुढचे चाक एका खोल चरात गेले. गाडी बाहेर निघाली. पण थोड्याच अंतरावर ब्रेकचे पेडल तळाला टेकले. पुतण्याने प्रसंगावधान राखून खालचा गिअर टाकला, हाताचा ब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या मातीच्या उंचवट्याला लावली. मागे बसलेली मुले अजून गाणी म्हणत होती. माझे हात मात्र घरी पोहोचेपर्यंत कापत होते.

गाडी ओढून कुकटपल्लीला आणली. वृद्ध मिस्त्री खाली शिरला आणि क्षणात बाहेर येऊन म्हणाला, “गाडी ऊंची करे, नली उतनीच रखे!” त्याच्या दखनीतला तो ‘च’ आपल्या मराठीचाच, निदानही तितकेच नेमके. गाडी उंच झाली, की चाक खड्ड्यात अधिक खाली उतरते. ब्रेकची रबरी नळी मात्र मूळ लांबीचीच होती. ती दर खेपेला ताणली जात होती. त्या दिवशी तुटली आणि तेल वाहून गेले.

त्या दिवसापासून मी मिस्त्रीचा विद्यार्थी झालो. मोठ्या टायरांमुळे ब्रेकवर भार वाढतो आणि वेगाचा काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांना जोर देऊन गाडी चालवू नये. वळणावर पुढची व मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, आणि तो ताण गिअरच्या दात्यांवर येतो. ओढ्यातून गाडी काढल्यावर डिफरन्शियलचे तेल पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले असे समजावे. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना वेळच्या वेळी ग्रीस द्यावे. यांत अवघड काहीच नाही. नेम मात्र हवा.

आता प्रश्न उरला उंचीचा. लांब नळी बसवून भागले असते; परंतु 1988च्या मोटार वाहन कायद्याचे 52वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलास मनाई करते आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. पुतण्या दोन दिवस रुसला. “काका, मग तिच्यात राहिलं काय?” असे त्याने विचारले. मी म्हणालो, “मागे बसणारी मुलं.” तिसऱ्या दिवशी तो स्वतःच मूळ मापाचे पाटे आणि टायर घेऊन आला.

शाळेत मुलाचे नाव दाखल झाले, की त्याची जन्मतारीख, आधीची शाळा, सारे नोंदवहीत उतरते. म्हणून नव्या शिक्षकाला त्याची ओळख पटते. हातोहात फिरणाऱ्या गाडीला अशी वही का नसावी? मी दोनशे पानांची एक वही पुतण्याला दिली. कोणता भाग, कोणत्या तारखेला, कोणत्या मापाचा बसवला, तेल कधी बदलले, हे तो त्यात लिहितो. मिस्त्रीला लिहिता येत नाही; तो सांगतो आणि पुतण्या उतरवून घेतो. उद्या जीप चौथ्या मालकाकडे गेली, तर किल्लीबरोबर ती वहीही जाईल.