कढीपत्त्यावरची अळी पाळायची तर...

पावसाळा सरत आला की जुन्नर, ओतूर, मंचर, कुठेही असाल तिथे परसातला कढीपत्ता जरा वाकून बघा. कोवळ्या पानावर मोहरीएवढा फिकट पिवळा मणी दिसला, तर ते बहुतेक लाइम किंवा कॉमन मॉरमन फुलपाखराचं अंडं. दोघंही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात, आणि कढीपत्ता त्याच कुळातला. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमन (हा मान २०१५ चा) यांचंच भावकीतलं. ते भीमाशंकरला दिसतं, पण तिथून अळ्या उचलून आणायच्या नाहीत, ते अभयारण्य आहे. छंदाला परस पुरतं.

तीन-चार दिवसांत अळी निघते. सुरुवातीला काळपट, मधे पांढरा पट्टा, म्हणजे हुबेहूब पक्ष्याची विष्ठा! कोण खाईल? चार वेळा कात टाकून शेवटी हिरवीगार होते. डिवचलंत तर डोक्यामागून केशरी दुशिंगी अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चावत नाही. केसाळ सुरवंटाला मात्र हात लावू नका, खाज सुटते.

काचेची बरणी, तोंडाला जाळीचं कापड, तळाला कागद. विष्ठा रोज काढायची, नाहीतर बुरशी धरते. एवढं सोपं. अवघड आहे ते पान. बाजारातली जुडी अजिबात नको. आपल्याकडे द्राक्ष-टोमॅटोचा पट्टा, फवारणी चालूच असते. आंतरप्रवाही औषध पानाच्या आत मुरतं, धुऊन जात नाही. अशा एका पानाने अख्खी बरणी संपू शकते.

आणि हो, लिंबाची रोपं करणाऱ्या काकांना ही अळी म्हणजे कीडच. त्यांचं चुकत नाही. मोठं झाड चार अळ्या सहज सोसतं, पण हातभर रोपाची पानं त्या फस्त करतात. मी तर म्हणेन, त्यांना एवढंच विचारा, "काका, फवारायच्या आधी अळ्या वेचून नेऊ का?" बहुतेक वेळा हो म्हणतात, वर चहाही मिळतो.

मग एक दिवस अळी खाणं सोडते, पातळ विष्ठा टाकते, सैरावैरा फिरते. आजारी नाहीये ती, जागा शोधतेय. रेशमाचा पट्टा कमरेला बांधून कोष करते, आसपासच्या रंगाप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी. आत नुसते पंख चिकटवणं चालू नसतं, बराचसा जुना कोड पुसून नव्याने लिहिला जातो. साधारण आठ-दहा दिवस. कधी कोषाला बारीक भोक पडून फुलपाखराऐवजी इवल्या गांधीलमाश्या निघतात. त्यांच्या आईने आधीच आत अंडी घातलेली असतात. वाईट वाटतं, पण त्याही तिथल्याच.

कोष गडद होऊन आतली नक्षी दिसू लागली की हात लावू नका. बहुतेकदा सकाळी फुलपाखरू बाहेर येतं. त्याला लटकायला काडी हवी, नाहीतर पंख चुरगळलेलेच राहतात. मळकट थेंब पडले तर घाबरू नका, कोषात साठलेला मळ आहे तो. दोनेक तासांत पंख वाळले की त्याच कढीपत्त्यापाशी सोडून द्या.