घरच्या शुश्रूषेचं बिल कोण भरतं?

पक्षाघात झालेला रुग्ण रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा डॉक्टरांचं काम बहुतांशी संपलेलं असतं. घरच्यांचं तिथून सुरू होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड लाल तर झालं नाही ना ते बघायचं, नळीतून पातळ अन्न द्यायचं, डायपर बदलायचा. हे कधी वर्षानुवर्षं चालतं.

‘आयुष्मान कार्ड काढलंय, आता काळजी नाही,’ असं अनेक घरांत समजतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, या योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, हे खरं. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. घरी परतल्यावर १५ दिवसांपर्यंतचा औषधोपचार त्यात धरतात. रुग्ण सांभाळायला घरी ठेवलेल्या मावशींचा पगार एक दिवसही बसत नाही.

मावशी परवडत नाहीत, तिथे सून किंवा लेक नोकरी सोडते. मग लोक म्हणतात, ‘घरचंच माणूस बघतंय, खर्च कसला?’ तिचा बुडालेला पगार आणि थांबलेला भविष्य निर्वाह निधी हा खर्चच आहे, फक्त तो कुणी लिहून ठेवत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. यात मुलांचं संगोपनही आलं. हे काम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी १४० मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ७४. विसंगती अशी की आईवडिलांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर आहे. सुनेचा त्यात उल्लेख नाही. प्रत्यक्षात रात्री उठते ती बहुधा तीच.

‘मावशी फार पैसे घेतात’ ही तक्रारही अर्धवट आहे. ब्युरोमार्फत आलेल्या मावशींच्या हाती कमिशन वजा होऊन रक्कम पडते. बारा तासांची ड्यूटी, खाडा केला की पैसे कापले. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ आलं. पण नोंदणी आणि काही लाभ यापलीकडे कामाचे तास किंवा भरपगारी रजा त्यातून ठरत नाहीत.

मावशींना रास्त पगार दिला तर कुटुंब बुडेल, अशी भीती असते. सगळा भार एकाच घरावर ठेवला तर ती खरी ठरेल. जपानने २००० साली तो वाटून घेतला: चाळिशीपासून प्रत्येकजण शुश्रूषा विम्याचा हप्ता भरतो, जवळपास निम्मा पैसा करांतून येतो आणि सेवा घेणाऱ्याला १० ते ३० टक्केच द्यावे लागतात. केरळमध्ये पंचायतींच्या मदतीने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. ‘आश्वासकिरणम’ योजनेतून पूर्णवेळ सांभाळणाऱ्या व्यक्तीला महिना ६०० रुपये ठरले. रक्कम तुटपुंजीच, पण सांभाळणं हे काम आहे, हे एका राज्याने मान्य केलं. जर्मनीचा १९९५ चा शुश्रूषा विमा आणखी पुढे जातो: घरच्या रुग्णासाठी नोकरीचे तास कमी केलेल्या व्यक्तीच्या पेन्शनचा हप्ता, ठरावीक अटींवर, विमाच भरतो.