विकाऊ घराची डागडुजी

निवृत्त कामगार दोन खोल्या विकायला काढतो, तेव्हा जन्मभराची कमाई पणाला लागलेली असते. भिंतीवरच्या ओलीकडे बोट दाखवून गिऱ्हाईक भाव पाडते. म्हणून खर्चाचा क्रम सांभाळावा. आधी गळती थांबवावी, भिंत वाळू द्यावी, पोपडे खरवडावेत. मगच रंगाचा हात द्यावा. ओलीवर दिलेला रंग फुगून सुटतो. गळका नळ, अडकणारी कडी यांची दुरुस्ती थोडक्यात होते. अडगळ काढायला तर पैसाही लागत नाही, आणि खोली ऐसपैस दिसते.

मात्र डागडुजी म्हणजे लपवाछपवी नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साध्या तपासणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. तो सांगून, भावात धरून व्यवहार करावा. घेणाराही बहुधा आपल्यासारखाच कष्टकरी असतो.